गिटार, विद्युत् : विरूपण-पेडले व त्यांची निवड

विद्युत् गिटारच्या स्वराची तीव्रता, उच्चनीचता किंवा कला (तरंगाच्या आवर्तनातील क्षणोक्षणीची स्थिती) संथ व नियमित गतीने बदलून त्यास कंप, घुमारा, फिरतेपणा किंवा समूहाचा भास देणारी आणि वादकाने पायाने चालू-बंद करावयाची उपकरणे. ती सामान्यतः गिटार व विवर्धक यांच्या दरम्यान जोडतात. ‘विरूपण’ ही संज्ञा रेडिओ अभियांत्रिकीतून आलेली आहे. रेडिओमध्ये वाहक तरंगाचा परमप्रसर किंवा कंप्रता दुसऱ्या तरंगाच्या अनुरोधाने बदलतात. येथे गिटारचा विद्युत् संदेश एका संथ आंदोलकाच्या अनुरोधाने बदलला जातो. या आंदोलकाची गती दहा सेकंदांत एका आवर्तनापासून सेकंदास सु. दहा आवर्तनांपर्यंत असते. त्यामुळे तो स्वतः ऐकू येत नाही, त्याचा परिणाम मात्र ऐकू येतो.

अशा उपकरणांची गरज वाद्याच्या स्वभावातूनच निर्माण झाली. गायक किंवा व्हायोलिनवादक स्वर लांबवू शकतो आणि लांबवत असता त्यास आंदोलन देऊ शकतो. गिटारची तार मात्र छेडल्याबरोबर क्षीण होऊ लागते. विद्युत् विवर्धनामुळे स्वर मोठा झाला, पण तो काहीसा सपाटही झाला. हा सपाटपणा घालविण्यासाठी १९४० नंतरच्या चाळीस वर्षांत जे उपाय योजण्यात आले, त्यांपैकी कित्येक एखाद्या अवजड यंत्राची किंवा ध्वनिमुद्रणशाळेतील युक्तीची सुटसुटीत नक्कल म्हणून जन्मास आले. नक्कल क्वचितच साधली. परंतु जे हाती आले त्यालाच पुढे स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली. म्हणून पेडल निवडताना ‘हे मूळ यंत्रासारखे वाजते काय’ या प्रश्नापेक्षा ‘हे स्वराचा कोणता गुणधर्म हलविते आणि किती’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. उपकरणांवरील नावे या बाबतीत फारशी विश्वसनीय नाहीत.

तीव्रता व उच्चनीचता : केवळ तीव्रता कमीजास्त करणाऱ्या परिणामास ‘ट्रेमोलो’ म्हणतात. या प्रकारचे सर्वांत जुने विक्रीयोग्य उपकरण म्हणजे अमेरिकेतील डीआर्मंड कंपनीचे १९४०–५० या दशकातील ‘ट्रेमोलो कंट्रोल’ होय. त्यात लहान विद्युत् चलित्र विद्युत् संवाहक द्रवाने भरलेली एक कुपी हलवीत असे. द्रव हिंदकळला की संदेशाचा काही भाग जमिनीकडे वळे व आवाज क्षणभर उतरे. ही रचना ओबडधोबड खरी, पण तीमधून मिळणारा कंप मऊ असे. बो डिडली (१९२८–२००८) या वादकाने १९५५ पासूनच्या आपल्या मुद्रिकांत तिचा तालवाद्यासारखा वापर केला. फेंडर कंपनीने १९५५ मध्ये ‘ट्रेमोलक्स’ या विवर्धकात हाच परिणाम इलेक्ट्रॉन नलिकांच्या साहाय्याने आणला.

उच्चनीचता बदलणाऱ्या परिणामास ‘व्हायब्रॅटो’ हे नाव योग्य आहे. भारतीय श्रोत्यास आंदोलित स्वर किंवा हवाई गिटारवरील पोलादी पट्टीचा कंप परिचित असल्याने हा भेद त्याच्या सहज लक्षात येईल. परंतु फेंडर कंपनीच्याच १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरील, तारांचा ताण व म्हणून उच्चनीचता बदलणाऱ्या दांडीस ‘ट्रेमोलो’ असे नाव देण्यात आले, तर पुढे त्यांच्या अनेक विवर्धकांतील तीव्रता बदलणाऱ्या मंडलास ‘व्हायब्रॅटो’. एकाच कारखान्यातून निघालेली नावांची ही अदलाबदल आजही ग्राहकाची दिशाभूल करते. खरा व्हायब्रॅटो देणारे विवर्धक मॅग्नाटोन कंपनीने १९५० नंतरच्या दशकात काढले. लॉनी मॅक या वादकाच्या १९६३ मधील मुद्रिकांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली.

फिरता ध्वनिक्षेपक : या इतिहासातील मध्यवर्ती यंत्र गिटारसाठी नव्हतेच. लॉरेन्स हॅमंड (१८९५–१९७३) यांचे विद्युत् ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आले. त्याचा स्वर लहान खोलीत निर्जीव वाटतो, हे डोनाल्ड लेस्ली (१९११–२००४) यांस खटकले. त्यांनी १९४० च्या सुमारास एक लाकडी कपाट तयार केले. त्यात वरच्या बाजूस तार स्वरांसाठी फिरणारा कर्णा व खाली मंद्र स्वरांसाठी फिरणारे पिंप होते. कर्णे दिसावयास दोन असले, तरी त्यांपैकी एकच वाजतो. दुसरा केवळ तोल राखण्यासाठी असतो. हॅमंड यांस ही जोड मुळीच पसंत नव्हती. वादकांना मात्र ती अतिशय आवडली.

कर्ण्याचे तोंड श्रोत्याकडे येताना स्वर किंचित चढतो व दूर जाताना उतरतो (डॉप्लर परिणाम). द्रुत गतीत कर्णा मिनिटास सु. ४०० फेरे करतो. त्याचे तोंड अक्षापासून २० सेंमी. अंतरावर आहे असे धरल्यास त्याचा वेग सेकंदास ८ मी.हून थोडा अधिक भरतो, म्हणजे कंप्रतेत सु. २·४ टक्के चढउतार होतो. हे अंतर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडे कमी आहे. त्याच वेळी तीव्रताही बदलते, तसेच भिंतींवरून परावर्तित झालेले ध्वनी निरनिराळ्या क्षणी कानी येतात. तीव्रता, उच्चनीचता, कला व दिशा या चारही गोष्टी एकदम हलत असल्याने या यंत्राची हुबेहूब नक्कल करणे दुष्कर ठरले. बीटल्स या वृंदाच्या १९६६ मधील एका ध्वनिमुद्रणात तर गायकाचा आवाजच या कपाटातून पाठविण्यात आला होता. गिटारवादकांनाही त्याचा मोह पडला. पण साठ किग्रॅ.हून जड कपाट गावोगाव नेणे त्यांना परवडणारे नव्हते.

जपानमधील शिन-ई कंपनीत फुमिओ मिएडा यांनी १९६८ च्या सुमारास तयार केलेले ‘युनि-व्हाइब’ हे उपकरण बहुधा या कपाटाची नक्कल म्हणून ओळखले जाते. मिएडा यांनी पुढे सांगितलेली हकीकत मात्र निराळी आहे. मॉस्को रेडिओचे कार्यक्रम दूरवरून ऐकताना त्यांचा ध्वनी जसा हेलकावे खाई, ते हेलकावे त्यांना आणावयाचे होते. उपकरणाच्या मध्यभागी एक लहान दिवा लुकलुकतो व त्याभोवतीचे चार प्रकाशसंवेदी रोधक कला बदलणारे चार टप्पे चालवितात. दिवा पेटण्यास व विझण्यास सारखा वेळ घेत नाही. शिवाय टप्प्यांतील धारित्रांची मूल्ये परस्परांहून फार भिन्न आहेत. त्यामुळे मिळणारी लय समान न राहता नाडीसारखी ठोके देते. लेस्लीच्या दृष्टीने पाहिल्यास ही उणीवच होय. परंतु जिमी हेंड्रिक्स (१९४२–७०) याने ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक येथे व १ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कमधील ‘मशीन गन’ या रचनेच्या वादनात हे उपकरण असे वापरले की, पुढील पिढ्यांना मूळ कपाटाऐवजी या पेटीचाच ध्वनी हवासा वाटू लागला. या पेटीवरील एका कळीस ‘कोरस’ असे नाव असले, तरी पुढे वर्णन केलेल्या कोरस-परिणामाशी तिचा संबंध नाही.

कला-बदल : टॉम ओबरहाइम यांनी योजिलेले व १९७१ मध्ये मेस्ट्रो या नावाखाली विक्रीस आलेले कलापरिवर्तक (फेझर) हे या प्रकारातील पहिले यशस्वी उपकरण होय. मूळ संदेश व कला बदललेला संदेश एकत्र केल्यास काही कंप्रता परस्परांना नष्ट करतात व ध्वनीच्या पटात खाचा पडतात. आंदोलकाबरोबर या खाचा वरखाली सरकतात. दर दोन टप्प्यांमागे एक खाच पडत असल्याने चार टप्प्यांच्या उपकरणात दोन व सहा टप्प्यांच्या उपकरणात तीन खाचा असतात. अमेरिकेतील एमएक्सआर कंपनीने १९७४ मध्ये काढलेल्या ‘फेझ ९०’ या चार टप्प्यांच्या पेडलावर गतीची एकच कळ होती. निवडीचा त्रास वाचविणारे हे दारिद्र्य त्याच्या लोकप्रियतेचे मोठे कारण असावे. एडी व्हॅन हेलन (१९५५–२०२०) याने १९७८ च्या ध्वनिमुद्रणात ते अगदी संथ गतीवर ठेवून एकल वादनास धार आणली.

विलंब : १९६० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रणशाळांत एकच मुद्रण दोन फितींवरून एकदम वाजवून व एका फितीची गती किंचित रोखून ‘फ्लँजिंग’ हा परिणाम मिळवीत असत. १९६७ मधील ‘इचिकू पार्क’ या गीतात तो स्पष्ट ऐकू येतो. हा विलंब पेटीत आणणे शक्य झाले ते फिलिप्स प्रयोगशाळेतील सँगस्टर व टीअर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या ‘बकेट ब्रिगेड’ या मंडलामुळे. आग विझविताना माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या पुढे देतात, त्याप्रमाणे यात विद्युत् भार एका धारित्रातून पुढच्या धारित्रात सरकतो. १,०२४ टप्प्यांचे मंडल सेकंदास एक लक्ष ठोक्यांनी चालविल्यास सु. ५ मिसे. विलंब मिळतो, ठोके मंद केल्यास विलंब वाढतो. एक मिसे. विलंबाचा संदेश मूळ संदेशात मिसळल्यास ५००, १,५००, २,५०० हर्ट्‌झ अशा समान अंतरावर खाचा पडतात. फेझरच्या मोजक्या खाचांऐवजी येथे फणीच्या दातांसारखी लांब रांग असते, म्हणून फ्लँजरचा ध्वनी अधिक धातूमय व आकाशात विमान गेल्यासारखा वाटतो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे १९७६ चे ‘इलेक्ट्रिक मिस्ट्रेस’ हे या प्रकारातील प्रसिद्ध पेडल. अँडी समर्स या वादकाने ते इतक्या हलक्या मात्रेत वापरले की, अनेक श्रोते त्याला कोरस समजत आले.

कोरसमध्ये विलंब सामान्यतः अधिक लांब (३० मिसे. पर्यंत) असतो व विलंबित संदेश पुन्हा मागे देत नाहीत. भजनी मंडळातील सर्वजण एकच स्वर लावीत असले, तरी तो नेमका एका कंप्रतेवर व एका क्षणी पडत नाही. समूहाचा भरीवपणा या सूक्ष्म फरकांतूनच येतो. किंचित भिन्न लावलेल्या दुहेरी सुरांच्या पेटीतही हाच अनुभव येतो. जपानच्या रोलँड कंपनीच्या १९७५ मधील ‘जॅझ कोरस’ विवर्धकात दोन ध्वनिक्षेपक होते. एकातून मूळ स्वर व दुसऱ्यातून हलता स्वर बाहेर पडे आणि त्यांचे मिश्रण हवेतच होई. तेच मंडल १९७६ मध्ये बॉस या नाममुद्रेखाली ‘सीई-१’ या पेटीत व १९७९ मध्ये नव्या, लहान रूपात ‘सीई-२’ या पेडलात आले. सीई-२ ला एकच निर्गम असल्याने मिश्रण पेटीतच होते व खाचा अधिक जाणवतात. १९८० नंतरच्या दशकात या परिणामाचा इतका अतिरेक झाला की, पुढील दशकात त्यावर काहीसा बहिष्कारच पडला; तरीही कर्ट कोबेन याने १९९१ मध्ये ‘स्मॉल क्लोन’ हे साधे कोरस-पेडल वापरून त्याची उदास छटा पुन्हा ऐकविली.

निवड : वादकाचा डावा हात स्वतः कंप देत असेल, तर उच्चनीचता हलविणारे पेडल त्याच्या कामात लुडबूड करते. व्हायब्रॅटो व खोल कोरस यांनी स्वराचे स्थान संदिग्ध होते. इतर वाद्ये स्थिर सुरात लावलेली असताना हे विशेष खटकते. अशा वेळी तीव्रता किंवा कला हलविणारी उपकरणे निर्धोक ठरतात. त्यांत ट्रेमोलोची गती लयीशी जुळवावी लागते. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत सेकंदास चार आवर्तने ठेवल्यास प्रत्येक मात्रेस दोन ठोके पडतात. गती याहून थोडी जरी सरकली, तरी तबला एका लयीत व टाळ दुसऱ्या लयीत असा प्रकार होतो. फेझर व कोरस संथ असल्यास हे बंधन जाणवत नाही.

पेडलाची जागा त्याच्या प्रकाराइतकीच महत्त्वाची असते. ध्वनिविकृती देणारी उपकरणे तीव्रतेतील चढउतार दाबून टाकतात. त्यामुळे त्यांच्या आधी ठेवलेला ट्रेमोलो जवळजवळ नाहीसा होतो. याउलट विकृतीमुळे प्रसंवादी कंप्रतांची दाटी होते व तीनंतर ठेवलेल्या फ्लँजरच्या खाचा झगझगीत उमटतात. तोच फ्लँजर किंवा फेझर विकृतीच्या आधी ठेवल्यास सौम्य व वाद्याशी एकजीव वाटतो. दोन विवर्धक वापरणाऱ्यानेच दोन निर्गमांच्या कोरससाठी जादा पैसे मोजावेत. एकाच विवर्धकावर वाजविणाऱ्यास तो लाभ मिळत नाही. दुकानात एकट्याने वाजवून पाहताना खोल व द्रुत मात्रा आकर्षक वाटते. वृंदात तीच मात्रा चिखल करते. म्हणून पेडलाची परीक्षा त्याच्या किमान मात्रेवर करणे इष्ट होय. तेथे जे पेडल काहीच करीत नाही किंवा एकदम फार करते, ते दीर्घकाळ उपयोगी पडत नाही.

अंकीय तंत्रामुळे वरील सर्व परिणाम एकाच पेटीत मिळू लागले असून फिरत्या कर्ण्याचे अनुकरणही त्यांत पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळचे झाले आहे. संग्राहकांच्या आवडीमुळे जुन्या पेट्यांच्या किंमती मात्र चढ्याच आहेत, आणि त्या घेणाऱ्याने सुट्या भागांचा विचार आधी करावा. मात्सुशिता कंपनीने बकेट ब्रिगेड मंडलांचे मूळ उत्पादन थांबविल्यानंतर इतर उत्पादकांनी त्यांच्या प्रतिकृती काढल्या. प्रकाशसंवेदी रोधकांत कॅडमियम असल्याने युरोपीय संघाच्या २००६ पासून लागू झालेल्या नियमांनी त्यांच्या वापरावर मर्यादा आणल्या आहेत. जुन्या फेझरमधील क्षेत्रपरिणामी ट्रँझिस्टरांपैकी एक जरी निकामी झाला, तरी तेवढाच बदलून भागत नाही. चारही टप्पे एकमेकांशी जुळावे लागतात, आणि त्यासाठी कारागीर पुष्कळसे ट्रँझिस्टर मोजून त्यांतून चारांचा मेळ घालतो.