सुट्टीवर गेलेल्या मुलीचा जबडा

आमच्या हरसूलला पडलेला दुधाचा दात कौलावर फेकायचा आणि उंदराकडे नवा मागायचा, एवढीच काय ती मुलांच्या दातांची निगा. किडला तर उपटायचा. वाकडा आला तर मात्र काहीच करायचं नाही. तो आजार नव्हेच! फार तर 'फावड्या' असं नाव पडायचं, आणि मुलगी असेल तर ती तोंडावर हात धरून हसायला शिकायची.

हे आठवायचं कारण माझी भाची. वय अकरा, वरचे दात चांगलेच पुढे. "मोठी झाली की बघू," हे घरातलं सर्वमान्य मत. मी मात्र या विषयाचा इतिहास वाचत बसलो आणि मला वेगळंच काही दिसलं.

दात ओढून रांगेत आणायचा प्रयत्न जुना आहे. पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८च्या ग्रंथात धातूची पट्टी आणि दोऱ्याने दात बांधायची रीत दिली होती. अमेरिकेत एडवर्ड अँगलने १८९९ साली दातांच्या बैठकीचं वर्गीकरण केलं (आजही डॉक्टर 'क्लास टू' म्हणतात ते त्याचंच) आणि १९२८ मध्ये चौकोनी तारेची पद्धत दिली. आजच्या ब्रेसेस तिच्याच वंशातल्या. तेव्हा प्रत्येक दाताला धातूचं कडं बसवावं लागे. १९५५ साली बुओनोकोरने दाताचं आवरण आम्लाने किंचित खरबरीत करून त्यावर चिकटवायची युक्ती शोधली, म्हणून आज छोटे चौकोन थेट चिकटतात. आपल्याकडे मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय १९३३चं, आणि या शाखेच्या डॉक्टरांची भारतीय संघटना १९६५ची. म्हणजे माझ्या आईच्या पिढीला हे ऐकूनही माहीत नसणार यात नवल नाही.

पण मला सगळ्यात आवडली ती विगो आंद्रेसनची गोष्ट. १९०८च्या सुमारास डेन्मार्कमधल्या या दंतवैद्याची स्वतःची मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीला निघाली होती. दोन-तीन महिने ती डॉक्टरबापाच्या नजरेआड असणार. त्याने तिच्या तारा काढल्या आणि रात्री घालायची एक सैल प्लेट करून दिली, तोंड मिटलं की खालचा जबडा आपोआप पुढे येईल अशी. मुलगी परत आली तेव्हा तिची बैठक सुधारलेली! तार नाही, स्क्रू नाही. वाढतं वय आणि स्नायूंचा जोर, बस्स. पुढे १९७७ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्कने एका सहकाऱ्याच्या मुलासाठी 'ट्विन ब्लॉक' केला, तो याच कल्पनेवर.

म्हणजे ही उपाययोजना जन्मलीच मुळी डॉक्टरपासून लांब जाणाऱ्या मुलीसाठी. हरसूलहून नाशिक गाठायचं तर आधी वळणांच्या रस्त्याने त्र्यंबकेश्वर, तिथून पुढे आणखी २८ किलोमीटर. तारांचा उपचार दीड-दोन वर्षांचा, महिन्याला एक फेरी धरली तरी वीसेक फेऱ्या. प्रत्येक फेरीत एकाची मजुरी किंवा रजा बुडते. आपण 'मोठी झाली की' म्हणतो तेव्हा हा हिशोब कुणी मांडत नाही.

आणि ही प्लेट वाढत्या जबड्यावरच चालते. मुलींमध्ये ती वाढ साधारण दहा-बारा वर्षांच्या आसपास जोरात असते, मुलांमध्ये थोडी उशिरा. आठव्या वर्षी धावपळ करायलाच हवी असं नाही. फार लवकर सुरू केल्याने शेवटी फारसा फरक पडत नाही, फक्त पुढे आलेले दात पडझडीत तुटायचा धोका कमी होतो, असं अभ्यास सांगतात. तारा पक्के दात आल्यावर लावायच्या, म्हणजे बारा-तेरानंतर कधीही. मोठेपणीही दात हलतात बरं का, चाळिशीतही! हिरड्या आणि हाड निरोगी हवेत एवढंच. १९९७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या कंपनीच्या पारदर्शक साच्यांनी तर मोठ्यांची तारांची लाजही घालवली, अर्थात ज्यांच्या खिशाला परवडतं त्यांची. पण तोवर जबड्याची वाढ थांबलेली असते. जबडाच मागे असेल तर दात काढून जागा करा, नाहीतर शस्त्रक्रिया.

दुधाच्या दाढांबद्दल एक सांगतो. "पडणारच आहेत" म्हणून किडू दिल्या आणि वेळेआधी काढल्या की सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. ती जागा धरून ठेवायला एक साधी वळवलेली तार पुरते. कौलावर दात फेकताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पण ती प्लेट घालून जेवायचं कसं? शाळेत हसतील." खरं आहे. ट्विन ब्लॉक जवळजवळ दिवसभर घालावा लागतो, बोलणं पहिले काही दिवस बोबडं होतं, आणि पोरीने ती डब्यात ठेवून दिली तर उपयोग शून्य. शिवाय नंतर तारा लागू शकतातच. तरीही दिवाळीच्या सुट्टीत पंचवटीतल्या भाऊसाहेब हिरे यांच्या नावाच्या दंत महाविद्यालयात दाखवायचं ठरलं आहे. भाचीने एकच अट घातली आहे, प्लेटचा रंग ती निवडणार.