मधल्या फळीचा माणूस : फोर्तुनातो फ्रँको

अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला फुटबॉलच्या इतिहासावर लिहायला सांगितले तर तो आधी थोडा अडखळतो. आमच्याकडे खेळाचा विषय निघाला की पहिल्यांदा हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव निघते. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, ही गोष्ट इथल्या पोरांना शाळेतच सांगितली जाते. त्यानंतर क्रिकेट. फुटबॉल दोन्ही गावांत खेळला जातो, पण त्याची गोष्ट सांगणारे कमी.

याचे एक कारण कागदावरचे आहे. क्रिकेटमध्ये विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात उतरतो आणि २०१७-१८ मध्ये त्याने तो करंडक जिंकलाही. अकोल्याच्या मुलाला चांगली गोलंदाजी करता येत असेल तर त्याने नागपूर गाठले तरी भागते. फुटबॉलमध्ये वऱ्हाड महाराष्ट्राच्या पोटात आहे. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे सगळे वजन मुंबईत, आणि संतोष करंडकासाठी आपला संघ म्हणजे महाराष्ट्राचा संघ. १९६० च्या दशकात त्या संघात मुंबईतल्या कंपन्यांचे आणि रेल्वेचे खेळाडू असत. त्यांच्यातल्या एकाची ही हकिकत आहे. तो वऱ्हाडी नव्हता. जन्माने तर तो त्या वेळच्या भारताचाही नव्हता.

फोर्तुनातो फ्रँको यांचा जन्म बार्देश तालुक्यातल्या कोलवाळचा. त्यांच्या लहानपणी आणि तारुण्यातही कोलवाळ पोर्तुगीज अमलाखाली होते. फुटबॉलपटू म्हणून ते घडले मात्र मुंबईत. गोव्याच्या कितीतरी घरांतली माणसे तेव्हा मुंबईत पोटाला लागलेली होती. कोणी बोटीवर, कोणी बँडमध्ये, कोणी साहेबाच्या स्वयंपाकघरात, कोणी कचेरीत. धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. एका गावाहून आलेल्या एकट्या पुरुषांनी मिळून राहायचे, आणि बोटीवरची नोकरी संपली की पुढची मिळेपर्यंत तिथे पाठ टेकायची. या वस्तीने मुंबईला संगीत दिले, बेकऱ्या दिल्या आणि फुटबॉलही दिला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईकर गोवेकरांतला. कुपरेज मैदानावर रोव्हर्स करंडकाच्या सामन्यांना जी गर्दी लोटे, तिच्यात कोकणी बोलणारे पुष्कळ असत.

फ्रँको आधी पश्चिम रेल्वेकडून आणि नंतर टाटांच्या संघाकडून खेळले. आज आपण ‘व्यावसायिक खेळाडू’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर करार, लिलाव आणि जाहिराती येतात. १९६० मध्ये भारतात असा फुटबॉल नव्हता. राष्ट्रीय पातळीवरची साखळी स्पर्धा, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, थेट १९९६ मध्ये सुरू झाली. त्याआधी फुटबॉलच्या जोरावर जगायचे म्हणजे फुटबॉलच्या जोरावर नोकरी मिळवायची. खेळाडूचे नाव रेल्वेच्या किंवा कंपनीच्या हजेरीपटावर असे आणि महिन्याचा पगार कारकुनासारखा येई. ऑलिंपिकला तर हौशी खेळाडूच चालत, त्यामुळे ही व्यवस्था सर्वांच्याच सोयीची होती. मला तिच्यात एक शहाणपणही दिसते. गुडघा गेला तरी चूल पेटत राही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात फ्रँको यांची निवड झाली. तारखा जुळवून पाहिल्या तर एक गंमत ध्यानात येते. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि वऱ्हाड त्यात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोलवाळचा हा तरुण भारताच्या संघातून रोमला गेला आणि त्याचे जन्मगाव मात्र अजून लिस्बनहून चालवले जात होते. १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची हद्द जवळजवळ बंद झाली होती आणि मुंबईतल्या गोवेकरांना घरी जाणे अवघड झाले होते. फ्रँको यांचे गाव भारतात आले ते १९ डिसेंबर १९६१ ला. ज्या देशाचा सदरा अंगावर चढवला तो देश गावापर्यंत पोचायला आणखी सव्वा वर्ष जावे लागले.

रोममध्ये त्यांना एकही सामना खेळायला मिळाला नाही. भारत हंगेरीकडून २-१ हरला, फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली आणि पेरूने ३-१ हरवले. राखीव बाकावर बसून हे पाहणाऱ्या तरुणाला काय वाटले असेल ते त्याचे त्याला ठाऊक. पण पाहण्यासारखे तिथे बरेच होते, आणि पाहणाऱ्याला शिकवणारा माणूसही संघाबरोबर होता.

तो माणूस म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे हे शाळामास्तर हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९५० पासून भारताच्या संघाचेही. वऱ्हाडी वाचकाला हैदराबाद परके वाटू नये. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे असला तरी नावाची मालकी निजामाची होती, आणि १९३६ पासून निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. तुळशीदास बलराम आणि यूसुफ खान असे नामी खेळाडू हैदराबाद-सिकंदराबादच्या मैदानांवरून आले. म्हणजे नकाशावर एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला हैदराबाद, आणि मधे आपण. ज्या दोन गावांनी भारताचा तो संघ घडवायला हात लावला त्या दोन्ही गावांशी वऱ्हाडचा संबंध होता. फुटबॉल मात्र आपल्याला वळसा घालून गेला.

रहीमसाहेबांनी भारतीय फुटबॉलची रचना बदलली. त्याआधी पाच जण आघाडीला, तीन हाफबॅक आणि दोन बचावाला, अशी जुनी मांडणी असे. पुढे तिच्यात फेरफार झाले. १९५८ चा विश्वचषक ब्राझीलने चार-दोन-चार या मांडणीने जिंकला. चार बचावाला, चार आघाडीला आणि मधे फक्त दोघे. रहीमसाहेबांनी ती मांडणी आपल्या संघात आणली.

या ‘मधे फक्त दोघे’वर जरा थांबतो. मैदान शंभर मीटरांहून थोडे अधिक लांब. प्रतिपक्षाचा हल्ला आला की या दोघांनी मागे धावून बचावाला हात द्यायचा. चेंडू मिळाला की तो पुढच्या चौघांपैकी ज्याच्यासमोर वाट मोकळी आहे त्याच्या पायात घालायचा. चेंडू गेला की पुन्हा मागे. पुढचा गडी एकदा चुकला तर एक संधी जाते. मधला चुकला तर मागे खिंडार पडते. आणि हे सगळे नीट केले तर प्रेक्षकाला काहीच दिसत नाही. त्याला वाटते, आज समोरच्यांना काही जमलेच नाही. आपल्याकडे लग्नघरात कोठी सांभाळणारा एक माणूस असतो. पंगतीला काही कमी पडले नाही तर त्याचे नाव कोणी काढत नाही. हाफबॅकचे काम तसेच.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हे काम फ्रँको यांच्याकडे आले. त्या स्पर्धेची हवा आधीच बिघडलेली होती. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला आणि भारताचे ऑलिंपिक पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. झाले, जकार्तातली जनता भारतावर उलटली. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. भारताचा संघ मैदानात उतरला की हुर्यो उठे.

पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ असा गेला. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवले. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगचे डोके फुटले आणि टाके पडले. हा पंजाबी बचावपटू पुढच्या सामन्यांत रहीमसाहेबांनी चक्क आघाडीला उभा केला, आणि उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी होता, तो अंतिम सामन्याला उभा राहिला. खुद्द रहीमसाहेब कर्करोगाने आतून पोखरले गेले होते. जून १९६३ मध्ये ते गेले.

४ सप्टेंबर १९६२. सेनायान मैदानावर सुमारे लाखभर माणसे, त्यांतली बहुतेक भारताविरुद्ध ओरडणारी. भारताला धीर देणारे मोजकेच होते आणि त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता. आदल्याच दिवशी भारताला हरवून त्यांनी हॉकीचे सुवर्णपदक घेतले होते. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको आणि प्रशांत सिन्हा, एक मुंबईचा, एक बंगालचा. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला. तीनच मिनिटांनी भारताला फ्री किक मिळाली आणि ती घेतली फ्रँको यांनी. चेंडू जर्नेलसिंगकडे गेला आणि त्याने तो जाळ्यात धाडला. कोरियाने एक गोल फेडला, पण अगदी शेवटी शेवटी. २-१. आशियाई स्पर्धेतले भारताचे फुटबॉलमधले हे दुसरे सुवर्णपदक. पहिले १९५१ चे, दिल्लीचे. तिसरे अजून मिळालेले नाही.

धावफलकावर दोन नावे राहिली, बॅनर्जी आणि जर्नेलसिंग. आज गोलाआधीचा पास देणाऱ्याचीही नोंद ठेवतात. तेव्हा ती पद्धत नव्हती. त्यामुळे फ्रँको यांची ती फ्री किक लोकांच्या आठवणीत राहिली, आकड्यांत नाही. आणि उरलेल्या वेळात कोरियाचे किती पास त्यांनी मधेच तोडले, त्याची मोजदाद तर कुठल्याच वहीत नाही.

पुढची दोन-तीन वर्षे त्यांच्या भराची. १९६३-६४ मध्ये महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला, त्या संघात ते होते. ‘मुंबई’ या नावाने हा करंडक १९५४-५५ मध्ये आला होता, ‘महाराष्ट्र’ या नावाने प्रथमच. नुकत्याच झालेल्या राज्याला ही मोठी मिळकत होती. पण आपल्या वर्णनांत संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट साहित्य, सहकार आणि राजकारणावर येऊन थांबते, तिच्यात हा करंडक नसतो. क्वालालंपूरच्या मर्डेका स्पर्धेत भारत १९६४ मध्ये दुसरा आणि १९६५ मध्ये तिसरा आला, त्या मोहिमांतही फ्रँको होते.

मग गुडघा. १९६६ च्या सुमारास, वयाची तिशी जेमतेम आलेली असताना, दुखापतीने त्यांचा खेळ संपवला. आज सांध्यात नळी घालून दुरुस्ती करतात आणि खेळाडू सात-आठ महिन्यांत परततो. तेव्हा गुडघ्याचा स्नायुबंध तुटला की बहुधा खेळही तुटायचा. सतत थांबून वळणाऱ्या, घसरून चेंडू काढणाऱ्या हाफबॅकचा गुडघा तर सर्वांत आधी झिजणारा.

आणि सन्मान? अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलचा पहिला मान पी. के. बॅनर्जींना मिळाला. मग १९६२ ला बलराम, १९६३ ला चुनी गोस्वामी, १९६४ ला जर्नेलसिंग, १९६५ ला अरुण घोष, १९६६ ला यूसुफ खान आणि १९६७ ला थंगराज. जकार्ताचा संघच जणू वर्षाला एक असा ओळीने उभा राहिला. आघाडीचे आले, बचावाचे आले, गोलरक्षकही आला. यूसुफ खान हे कुठेही उभे केले तरी खेळणारे, त्यांनी मधली फळीही सांभाळलेली. पण अंतिम सामन्यात मधे उभे असलेले दोघे, फ्रँको आणि सिन्हा, या रांगेत नाहीत. पुढेही आले नाहीत. यात कोणाचा कट असेल असे मला वाटत नाही. समितीपुढे कागद येतात, कागदावर गोल असतात किंवा अडवलेले गोल असतात. मधल्यांच्या नावापुढे लिहायला रकानाच नव्हता. गोव्यात वाढून घडलेल्या फुटबॉलला हा पुरस्कार पोचला तो १९९७ मध्ये, गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या रूपाने.

फ्रँको यांनी याबद्दल कधी आरडाओरडा केला नाही. उतारवयात ते गोव्यात राहत. मुंबईने त्यांना गोवेकर समजून सोडून दिले. गोव्याचा स्वतःचा फुटबॉल त्यांच्या नंतर फुलला, त्यामुळे त्याच्या कथेत ते जरा बाहेरचेच राहिले. आणि महाराष्ट्राने, म्हणजे आपणही, संतोष करंडक आणून देणाऱ्या या माणसाचे नाव पोरांना कधी शिकवले नाही. मीही ते उशिराच वाचले. जकार्ताच्या अंतिम सामन्याची अकरा नावे उतरवून घेत होतो, दहा ओळखीची निघाली, एकापाशी पेन थांबले.

मार्च २०२० मध्ये पी. के. बॅनर्जी गेले, एप्रिलच्या अखेरीस चुनी गोस्वामी. दोघांवर वृत्तपत्रांनी पाने भरून लिहिले. १० मे २०२१ रोजी, करोनाची दुसरी लाट भरात असताना, फ्रँको गोव्यात गेले. वय ८४. त्या आठवड्यात प्रत्येक पानावर मृत्यूच्या बातम्या होत्या आणि त्यांची बातमी त्यांतच एक म्हणून छापली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बलरामही गेले. रहीमसाहेबांवरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला एप्रिल २०२४ मध्ये, आणि त्यात फ्रँको नावाचा एक तरुण मधल्या फळीत धावताना दिसतो.