ओळखीनं नोकरी: जॉबरपासून लिंक्डइनपर्यंत

"ओळख असल्याशिवाय नोकरी मिळत नाही," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आज याच ओळखीचा इतिहास बघूया.

सुरुवात मुंबईच्या गिरणगावातून. शंभर वर्षांपूर्वी इथे ना जाहिरात, ना बायोडेटा. भरती जॉबरच्या हातात. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला माणूस गाववाल्याच्या खोलीवर उतरायचा आणि तोच गाववाला त्याला जॉबरसमोर उभा करायचा. जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं आधी घ्यायचा. वर दस्तुरी घ्यायचा, ती वेगळीच.

गावाहून आलेल्या पोराला याचा मोठाच आधार होता. पण ही ओळख जातीच्या कुंपणातली होती. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा. विटाळाचं कारण पुढे करून दलित कामगारांना त्या खात्यात येऊच दिलं जात नव्हतं. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. म्हणजे बघा, ज्या ओळखीनं एकाला दार उघडलं, तिनंच दुसऱ्याला बाहेर ठेवलं.

आता अमेरिकेत जाऊ. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ही नोकरी तुम्हाला कुणाकडून कळली? १९७३मध्ये त्याचा निबंध आला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यातल्या फक्त १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट व्हायची. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच. कारण साधं आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबचा माणूस आणतो.

५ मे २००३ला लिंक्डइन सुरू झालं, म्हणजे फेसबुकच्याही आधी. रीड हॉफमन आणि सहकाऱ्यांनी याच लांबच्या ओळखी पडद्यावर आणल्या. तुमच्या मित्राचा मित्र कुठल्या कंपनीत आहे, हे दिसायला लागलं. २००५पासून तिथे नोकऱ्यांच्या जाहिरातीही आल्या. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टनं ही कंपनी २६.२ अब्ज डॉलरना घेतली. ओळखीची किंमत ही एवढी!

ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं खरं होतं का? २०२२मध्ये 'सायन्स' नियतकालिकात याचं उत्तर आलं. लिंक्डइन कुणाची ओळख सुचवतं, त्यात ठरवून फरक करून, पाच वर्षांत दोन कोटी लोकांवर हा प्रयोग झाला. नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या ना अगदी जिवलग, ना अगदी परक्या, अशा मधल्या ओळखी.

पण एक गोष्ट विसरू नका. लिंक्डइनवर दस्तुरी द्यावी लागत नाही, खातंही फुकट उघडतं. तरी पहिल्या ओळखी येतात त्या आपल्या कॉलेजातून, आपल्या शहरातून, घरच्या गोतावळ्यातून. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी ऑफिसात नोकरी शोधतंय, त्याची यादी कोरीच असते. जॉबर गेला, कुंपण पूर्ण गेलेलं नाही.

म्हणून आज एवढंच करा. गावाकडच्या, ज्युनिअर बॅचच्या एखाद्या अनोळखी पोराची किंवा पोरीची रिक्वेस्ट पडून असेल, तर ती स्वीकारा. तिच्यासाठी तो लांबचा माणूस तुम्हीच आहात.

भेटू पुढच्या भागात!