इराणचा राग कुठून सुरू होतो?

इराणी लोकांचा अमेरिकेवर एवढा राग का, असा विषय निघाला की बहुतेक जण १९७९ पासून सुरुवात करतात. तेहरानची अमेरिकन वकिलात, ५२ ओलीस, ४४४ दिवस... मला मात्र वाटतं, ही गोष्ट २६ वर्षं आधीच सुरू होते.

१९५१ साली इराणने आपलं तेल राष्ट्रीय मालकीचं केलं. पंतप्रधान होते मोसाद्देक. तोवर तेल ब्रिटिश कंपनीच्या हातात होतं, आणि इराणला मिळणाऱ्या रॉयल्टीपेक्षा ब्रिटिश सरकारला मिळणारा कर जास्त होता! ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिश हेरखात्याने मिळून मोसाद्देकांचं सरकार पाडलं. देशाबाहेर पळालेला शहा परत आला आणि अमेरिकेच्या पाठबळावर पंचवीस वर्षं राहिला. विरोधकांसाठी 'सावाक' हे गुप्त पोलिसदल होतंच.

आता १९७९ कडे बघा. शहा पुन्हा पळालेला. ऑक्टोबरात अमेरिकेने त्याला न्यूयॉर्कला येऊ दिलं. त्याला खरंच कॅन्सर होता. पण तेहरानमध्ये कोण विश्वास ठेवणार? लोकांना वाटलं, झालं, पुन्हा ५३! दोन आठवड्यांच्या आत विद्यार्थी वकिलातीत घुसले.

निरपराध माणसांना ओलीस धरणं चूकच, त्यात मला शंका नाही. पण बंडामागे आपला हात होता ही सीआयएची स्वतःच्या कागदपत्रांतली स्पष्ट कबुली जगासमोर आली २०१३ साली, तब्बल ६० वर्षांनी. अमेरिकेत तेव्हा कित्येकांना ती बातमी वाटली असेल. इराणमध्ये ती घरोघरी ठाऊक होती.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय!