रियासतकारांची उत्तरायुष्यातील उभारी



१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. या नगरीतील कितीतरी मराठी घरांचा प्रपंच संस्थानी नोकरीवर उभा होता. ज्या व्यवस्थेच्या भरवशावर आपले पूर्वज येथे आले, ती व्यवस्थाच मावळली. पायाखालची भूमी सरकली असता माणूस कशाच्या बळावर उभा राहतो, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका नाही. त्याचे एक उत्तर याच नगरीत छत्तीस वर्षे नोकरी केलेल्या एका इतिहासकाराच्या चरित्रात आढळते. ते इतिहासकार म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई.

रत्नागिरी जिल्ह्यात १८६५ साली जन्मलेले सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांचे रीडर म्हणून बडोद्यास आले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना शिकविणे हे त्यांचे काम. त्या अध्यापनासाठी केलेल्या टिपणांतूनच रियासतींचा जन्म झाला. १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' आणि १९०२ पासून 'मराठी रियासत' प्रसिद्ध होऊ लागली. दिवसभर दरबारची चाकरी आणि उरलेल्या वेळात इतिहास, असा हा क्रम होता.

१९२५ साली ते सेवानिवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांचा पुत्र श्यामकांत जर्मनीत मृत्यू पावला. शांतिनिकेतनात शिकलेला हा तरुण उच्च शिक्षणासाठी तिकडे गेला होता. साठाव्या वर्षी नोकरी संपली आणि म्हातारपणाचा आधारही गेला. यापुढे केवळ दिवस ढकलायचे, असे त्यांनी मनाशी ठरविले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

सरदेसाई कामशेतला राहू लागले. १९२९ मध्ये मुंबई सरकारने त्यांच्याकडे पेशवे दप्तरातील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे काम सोपविले. पुण्यातील काही संशोधकांना ही नेमणूक रुचली नाही. कामही सोपे नव्हते. दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल होते. त्यांतील पुष्कळसा भाग हिशेबांचा होता, आणि राजकारणाची पत्रे त्यांत विखुरलेली होती. अनेक पत्रांवर नुसता मुसलमानी महिना व चंद्र असे, वर्ष नसे. अशा पत्राचे वर्ष ठरवायचे तर मजकुरातील लढाई, मुक्काम, एखाद्याचे आजारपण किंवा मृत्यू यांचा धागा धरून मागेपुढे जावे लागे. सहायकांना सोबत घेऊन त्यांनी हे काम नेटाने केले. १९३० ते १९३४ या काळात या निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले.

येथे दुसरी एक कसोटी होती, आणि ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. नव्या कागदांमुळे जुने निष्कर्ष डळमळीत होतात. पुरेशी साधने हाती येण्यापूर्वी सलग इतिहास लिहू नये, असे मानणारे राजवाड्यांसारखे अभ्यासक होतेच. आयुष्यभराचे लेखन पुन्हा तपासावे लागणे हीसुद्धा एक पडझडच होय. सरदेसायांनी जुन्या लेखनाचा हट्ट धरला नाही. रियासतीचे भाग सुधारून लिहिले, आणि ऐंशी वर्षे उलटल्यावर, १९४६ ते १९४८ या काळात, मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत सिद्ध केला.

या वाटचालीत ते एकटे नव्हते. जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा अर्धशतकाचा स्नेह होता. फाळणीच्या सुमारास कलकत्त्याच्या दंगलीत जदुनाथांचाही मुलगा मारला गेला, आणि त्यांनीही लेखणी खाली ठेवली नाही. एक बंगाली आणि एक मराठी, दोघांचा पत्रव्यवहार कागद, तारखा आणि नकाशे यांनी भरलेला असे. समान कार्यातून जुळलेली मैत्री सांत्वनाच्या शब्दांहून अधिक टिकाऊ ठरते, याचे हे उदाहरण आहे.

कामाने दुःख नाहीसे होते, असे मात्र मी म्हणणार नाही. सरदेसायांनी पुत्राची पत्रे 'श्यामकांताची पत्रे' या नावाने प्रसिद्ध केली. पेशव्यांची पत्रे लावणाऱ्या हातांनी आपल्या मुलाची पत्रेही जपली. त्यांनी शोक विसरण्याचा प्रयत्न केला नाही. त्याला आपल्या आयुष्यात जागा दिली आणि उरलेली जागा कामासाठी राखली.

२९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी ते निवर्तले. निवृत्तीनंतरची ही चौतीस वर्षे त्यांच्या आयुष्यातून वजा केली, तर मराठ्यांच्या इतिहासाचे केवढे साधन आपण गमावले असते! ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनीही रोजचा धडा रोज शिकविण्याचे व्रत याच निष्ठेने पाळले. उद्याचा भरवसा कोणालाच नसतो. आजचा रुमाल उघडून त्यातील एक कागद नीट लावणे, एवढे मात्र आपल्या हाती असते.