तीनशे चाळीसचं कूळ

उज्जैनला सांदीपनी आश्रमाच्या भागाला अंकपात म्हणतात. कृष्णाने आकडे लिहिलेली पाटी इथे धुतली, अशी आख्यायिका. धनुर्विद्याही त्याने याच आश्रमात घेतली. त्याच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, म्हणजे शिंगाचं. धनुष्यावरच्या एका आकड्याची कुळी शोधायला निघालो, तेव्हा सुरुवात इथूनच करावीशी वाटली.

तो आकडा ३४०. कंपाउंड धनुष्याच्या जाहिरातीत तो ‘३४० एफपीएस’ असा छापतात. बाण सेकंदाला ३४० फूट. धनुष्य घरी आणून क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, मोजलं की भरतात २७५च्या आसपास, आणि नवखा तिरंदाज दुकानदारावर उखडतो.

दुकानदार बिचारा निर्दोष. गोम आहे ती आकडा मोजायच्या मापात. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली आणि १९६९मध्ये पेटंट मिळवलं. पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, ही त्याची करामत. हेच कंपाउंड धनुष्य. त्याचा वेग मोजायचं जुनं माप होतं ६० पौंड ताण, ३० इंच ओढ आणि ५४० ग्रेनचा बाण. (ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्या सोनाराच्या एका गुंजेत साधारण दोन बसतात.) पुढे १९८४मध्ये अमेरिकेत आयबीओ ही धनुर्धारी शिकाऱ्यांची संघटना निघाली. तिच्या स्पर्धांत झाडीत फोमचे प्राणी उभे करतात आणि अंतर सांगत नाहीत. बाण वेगवान असला की सपाट जातो, अंदाजातली चूक खपून जाते. वेगाला भाव आला तो इथे. बाजारात ७० पौंड, ३० इंच आणि अवघा ३५० ग्रेनचा बाण हे माप रुजलं. ताणाच्या दर पौंडाला पाच ग्रेन. त्याहून हलका बाण धनुष्यालाच घातक. दोरीही मोकळी, तिच्यावर नेम धरायची पीप नाही की दोरी ओढायचा डी-लूप नाही.

आपल्या पोरांची ओढ बऱ्याचदा २७ इंच. प्रत्येक इंचामागे दहाएक फूट गेले. ताण ५५ पौंड, तिथे आणखी गेले. उरलेले पीप आणि लूपने खाल्ले. आकडा खरा आहे, फक्त तो दुसऱ्याच्या हातांचा आहे.

२०२३मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंडचे विश्वविजेते झाले. ओजसचे अंतिम फेरीत १५०पैकी १५० गुण. ही स्पर्धा ५० मीटरवर होते आणि तिथे ६० पौंडांच्या वर ताण चालत नाही. जाहिरातीतल्या ७० पौंडांना त्या मैदानात प्रवेशच नाही.