केसपेपर ते पडदा : परळमधील कर्करोग-उपचार आणि सांघिक कामाची साधने

परळचा उल्लेख होताच इतिहासाच्या अभ्यासकाला गिरण्या, चाळी आणि संप आठवतात. त्याच परळमध्ये हाफकिन संस्था, 1926 साली सुरू झालेले के.ई.एम. रुग्णालय आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. या संस्थांविषयीचे लेखन बहुधा संस्थापक आणि नामवंत डॉक्टरांभोवती फिरते. एका रुग्णासाठी अनेक व्यवसायांची माणसे एकत्र काम कशी करीत आणि त्यासाठी कोणती साधने वापरीत, हा प्रश्न त्यात मागे पडतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः टाटा स्मारक रुग्णालयाच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार केला आहे. संगणक येण्यापूर्वी सहकार्याची जी शिस्त रुजली होती, तिच्यावरच आजची डिजिटल साधने उभी आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कर्करोगाचा उपचार एकट्या डॉक्टरला पेलणारा नाही. शस्त्रक्रिया आधी करावयाची की किरणोपचार, हे ठरविण्यासाठी शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ यांचे एकमत लागते. डॉ. वसंत खानोलकर यांच्यासारखा विकृतिशास्त्रज्ञ आरंभापासून प्रयोगशाळांच्या प्रमुखपदी असल्यामुळे शस्त्रक्रियेच्या खोलीइतकेच सूक्ष्मदर्शकाला महत्त्व आले. पुढे एका अवयवाच्या रोगासाठी विविध शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून रुग्ण तपासण्याची पद्धत येथे रूढ झाली. या सर्वांना बांधणारी वस्तू अगदी साधी होती : एक रुग्ण, एक केस नंबर, एक फाइल. आपल्या अनेक सार्वजनिक रुग्णालयांत प्रत्येक खेपेला नवा केसपेपर काढला जातो आणि जुना रुग्णाच्या पिशवीत राहतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या साधेपणाचे मोल सांगावे लागणार नाही. अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी 1968 साली समस्याकेंद्री वैद्यकीय नोंदीचा आग्रह धरला, तो याच जाणिवेतून. विस्कळीत नोंद म्हणजे विस्कळीत विचार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

या इतिहासातील खरे उपेक्षित प्रकरण कर्करोग नोंदणीचे आहे. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्थेने 1963 साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयोरुग्णालयी जाऊन फाइली वाचीत व माहिती उतरवून घेत. महापालिकेच्या मृत्यूनोंदीही पाहत. एकच रुग्ण दोन-तीन रुग्णालयांत, नावाच्या वेगवेगळ्या वर्णलेखनासह, नोंदला गेलेला असू शकतो. त्या नोंदी जुळविणे हे चिकाटीचे काम. 1976 साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि निरनिराळ्या डॉक्टरांची निरनिराळी भाषा एका सांकेतिक क्रमांकात आणणे शक्य झाले. 1987 मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील 346 गावे तिच्या कक्षेत होती. तेथे रुग्णालयात बसून भागणारे नव्हते. कर्मचारी गावोगावी फिरत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णाला तपासणीस येण्यासाठी राजी करीत. आज ज्याला 'डेटा' म्हणतात, तो असा पायपिटीतून गोळा झालेला आहे.

2012 मध्ये अणुऊर्जा विभागाच्या पाठबळाने आणि टाटा स्मारक केंद्राच्या समन्वयाने राष्ट्रीय कर्करोग ग्रिड स्थापन झाले. आज 300 हून अधिक संस्था त्याच्या सदस्य आहेत. उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे हे त्याचे पहिले काम. दूरस्थ तज्ज्ञमंडळाच्या बैठका हे दुसरे. लहान शहरातील डॉक्टर आपल्या रुग्णाचे अहवाल व प्रतिमा पडद्यावर मांडतो आणि निरनिराळ्या केंद्रांतील तज्ज्ञ त्यावर चर्चा करतात. काही रुग्णांचा मुंबईचा प्रवास त्यामुळे टळू शकतो. 2022 मध्ये ग्रिडने कोईटा सेंटर फॉर डिजिटल ऑन्कॉलॉजी सुरू केले. मात्र पडद्यावर चर्चा होऊ शकते ती सर्वांची परिभाषा आधीच एक झालेली असल्यामुळे, हे विसरता कामा नये.

उलट अनुभवही आहे. राज्य शासनाच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील संगणकीय माहितीव्यवस्था 2022 मध्ये बंद पडली आणि कागद पुन्हा टेबलावर आला. साधन खाजगी सेवापुरवठादाराचे आणि नोंद सार्वजनिक रुग्णाची, अशा व्यवस्थेत करार संपल्यावर संघाच्या स्मृतीचे काय होते, याचा विचार करार करतानाच व्हावयास हवा. व्हॉट्सॲपवर अहवालांची छायाचित्रे पाठविण्याची सवय हा त्याचाच दुसरा प्रकार होय. त्यात सोय आहे, वेग आहे. परंतु ती देवघेव फाइलमध्ये उतरत नाही आणि तिच्यावर कोणाचे नियंत्रणही राहत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला. वॉर्डातील सवयी कायद्याच्या वेगाने बदलत नाहीत.

आणखी एक मुद्दा. तज्ज्ञमंडळ म्हटले की त्यात डॉक्टरच गृहीत धरले जातात. रुग्णाला गिळता येते का, रात्री वेदना किती होतात, हे परिचारिकेला ठाऊक असते. तो मुंबईत किती दिवस राहू शकेल, हे वैद्यकीय समाजसेवकाला. किरणोपचार अनेकदा पाच-सात आठवडे चालतात. बिहार, बंगाल किंवा मराठवाड्यातून आलेले कुटुंब तेवढे दिवस राहणार कुठे? दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने अशा कित्येक कुटुंबांना आसरा दिला आहे. तेथे जागा आहे की नाही, यावर ठरलेला उपचार पुरा होणे अवलंबून असते. किरणोपचाराची मात्रा लिहिण्यासाठी नोंदीत ठरावीक रकाना असतो. मुक्कामाची जागा मात्र अजूनही बहुधा समाजसेवकाच्या एखाद्या फोनवर ठरते.